दोन कॉलेजं, एक कोर्स, पण विद्यार्थी कोणाचा?

पेट पास होऊन आता सिनॉप्सिसच्या मागे लागलेल्या सगळ्यांसाठी हा लेख आहे. शिक्षणशास्त्र, वाणिज्य, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, शाखा कोणतीही असो, एक शीर्षक आजकाल हमखास दिसतं : ‘अमुक जिल्ह्यातील वरिष्ठ महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांमधील स्वयम पोर्टलविषयीच्या जाणिवेचा चिकित्सक अभ्यास’. जिल्हा बदलतो, पोर्टल बदलतं, ‘जाणिवे’च्या जागी ‘अभिवृत्ती’ येते. बाकी साचा तोच. गुगल फॉर्म, पाच पर्यायांची लिकर्ट श्रेणी, ‘ऑनलाइन कोर्समुळे माझ्या ज्ञानात भर पडते’ असली विधानं, आणि शेवटी टी-टेस्ट.

असल्या अभ्यासाचे निष्कर्ष तुम्ही फॉर्म वाटायच्या आधीच लिहून काढू शकता. शहरातल्या मुलांना जास्त माहिती असणार, खेड्यातल्यांना कमी. नेटवर्कची अडचण असणार. कोर्स उपयुक्त आहेत यावर बहुतेक जण ‘सहमत’ला टिक करणार, कारण समोर प्राध्यापक उभे असताना ‘पूर्णतः असहमत’ला टिक करणारं पोर मी तरी अजून बघितलेलं नाही. शेवटी शिफारस : जनजागृती करावी. यात खोटं काही नसतं. पण तीन-चार वर्षं घालवून जे सांगितलं ते सगळ्यांना आधीच माहीत असेल, तर त्याला संशोधन का म्हणायचं?

माझी तक्रार मात्र फक्त कंटाळवाण्या विषयाबद्दल नाही. या ‘जाणीव-अभ्यासां’च्या मागे एक खरोखर मोठी गोष्ट झाकली जाते आहे. एकापेक्षा जास्त संस्था मिळून एकाच विद्यार्थ्याला दूरवरून शिकवतात, तेव्हा तो विद्यार्थी कोणाचा असतो? त्याची फी कोणाकडे जाते, त्याची शंका कोण सोडवतं, निकाल अडकला तर त्याने कोणाच्या दारात उभं राहायचं? आणि त्या विषयाचा शिक्षक नेमायची जबाबदारी कोणाची उरते? शेवटचा प्रश्न तर तुमचा-माझा आहे, कारण आपल्यापैकी बहुतेक जण पीएचडी करतोय ते कधी तरी कॉलेजात शिकवायला मिळेल या आशेवर.

व्याख्येतच एक संस्था

दूरशिक्षणाच्या कोणत्याही पुस्तकात डेस्मंड कीगन यांची व्याख्या सापडते. नेट-सेटला ती तुम्ही पाठही केली असेल : शिक्षक आणि विद्यार्थी एकमेकांपासून दूर, मध्ये माध्यम, दुतर्फा संवादाची सोय, आणि या सगळ्यामागे एक शैक्षणिक संस्था. ही शेवटची अट खासगीत स्वतःचं स्वतः शिकण्यापासून दूरशिक्षण वेगळं काढण्यासाठी घातलेली आहे. पण ती वाचताना आपल्या डोळ्यांपुढे संस्था येते ती एकच. साहित्याच्या आढाव्यात ही व्याख्या सगळे लिहितात आणि पुढे जातात. तुम्ही तिथे थांबा. संस्था दोन झाल्या, चार झाल्या, तर ‘संस्थेचा आधार’ म्हणजे नेमका कोणाचा आधार?

ओट्टो पीटर्स यांचं म्हणणं इथे जास्त उपयोगी पडतं. हागेनच्या जर्मन दूरशिक्षण विद्यापीठाचे हे पहिले प्रमुख. १९६० च्या दशकात त्यांनी मांडलं की दूरशिक्षण हे शिकवण्याचं औद्योगिक रूप आहे. कारखान्यात होते तशी इथे श्रमविभागणी होते : एक जण धडा लिहितो, दुसरा संपादित करतो, तिसरा पाठवतो, चौथा उत्तरपत्रिका तपासतो. वर्गात एकच माणूस जे करायचा त्याचे तुकडे पडतात. पीटर्स यांच्यावर बरीच टीका झाली, शिक्षणाला कारखाना म्हणाले म्हणून. पण संस्था एकत्र येऊन शिकवायला लागल्या की होतं असं की, हे तुकडे वेगवेगळ्या संस्थांच्या आवारात जाऊन पडतात. एका कारखान्यात निदान मॅनेजर एक असतो.

आपल्याकडचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण घेऊ. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये नाशिकला सुरू झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू. विद्यापीठाने गावोगावी स्वतःच्या इमारती बांधल्या नाहीत, चालू कॉलेजांत अभ्यासकेंद्रं काढली. पुस्तक नाशिकहून येणार, रविवारच्या संपर्कसत्राला समंत्रक म्हणून बहुधा त्याच कॉलेजचे प्राध्यापक, परीक्षा आणि पदवी विद्यापीठाची. विद्यार्थी मुक्त विद्यापीठाचा, बाक कॉलेजचा. ही व्यवस्था किती लोकांच्या उपयोगी पडली हे तुमच्या घरात, शेजारी विचारा. शिक्षण सुटलेल्या आया, पोलीस, अंगणवाडी सेविका, एसटीतले कंडक्टर, कोणी तरी सापडेलच. पण याला सहकार्य म्हणायचं का? माझ्या मते नाही, अर्ध्यापुरतंच. कॉलेज इथे जागा आणि माणसं देतं. काय शिकवायचं, कसं तपासायचं, यात त्याचा आवाज नाही. करारात दोन सह्या असल्या तरी ठरवणारा एकच आहे. गंमत म्हणजे याच कारणाने विद्यार्थी कोणाचा हा प्रश्न इथे फारसा गुंतागुंतीचा होत नाही. मार्कशीट चुकली की नाशिक किंवा विभागीय केंद्र गाठायचं, हे त्यालाही माहीत असतं.

हा प्रश्न नीट न सुटल्यावर काय होतं, त्याचा नमुना हवा असेल तर सर्वोच्च न्यायालयाचा ३ नोव्हेंबर २०१७ चा निकाल वाचा. काही अभिमत विद्यापीठांनी एआयसीटीईची मान्यता न घेता दूरशिक्षणाने अभियांत्रिकीच्या पदव्या दिल्या होत्या, ठिकठिकाणच्या केंद्रांमार्फत. २००१ ते २००५ मध्ये प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने स्थगित केल्या आणि त्यांना एआयसीटीईच्या परीक्षेची संधी दिली. त्यानंतरच्या प्रवेशांच्या पदव्या रद्दच झाल्या, फी परत करायचा आदेश निघाला. फी परत येऊ शकते. नोकरीत दहा वर्षं लोटल्यावर पदवी स्थगित झालेल्या माणसाला ती वर्षं कोण परत देणार? पदवी देणारं एक, शिकवणारं दुसरं, तपासून बघणारं तिसरं, आणि या तिघांच्या मध्ये तो. दूरशिक्षणात फ्रँचायझी चालणार नाही असं यूजीसीचे आजचे नियम इतकं ठासून का सांगतात, ते अशी प्रकरणं वाचली की कळतं.

बाहेरची दोन उदाहरणं, आणि ती वाचायची कशी

परदेशी वाङ्मयात गेलात की एक अपयश वारंवार भेटेल. इंग्लंडची यूके ई-युनिव्हर्सिटी. २००० मध्ये तिथले शिक्षणमंत्री डेव्हिड ब्लंकेट यांनी घोषणा केली : ब्रिटनमधली विद्यापीठं एकत्र येऊन जगभर ऑनलाइन पदव्या देतील. त्यासाठी सरकारी पैशातून ६ कोटी २० लाख पौंड बाजूला ठेवले. कंपनी निघाली, स्वतःचं सॉफ्टवेअर बांधलं, २००३ मध्ये कोर्स सुरू झाले, २००४ मध्ये गाशा गुंडाळला. तोवर ५ कोटी पौंडांच्या आसपास खर्च झाला होता आणि विद्यार्थी मिळाले होते सुमारे ९००. संसदेच्या शिक्षण समितीने २००५ मध्ये यावर अहवाल दिला.

या प्रकरणाचा नेहमीचा अर्थ असा लावतात की बाजारपेठेचा अभ्यास केला नाही, तंत्रज्ञानावर पैसा उधळला. समितीचंही म्हणणं साधारण तसंच होतं : विद्यार्थ्यांना काय हवंय यापेक्षा आपल्याकडे द्यायला काय आहे यावर सगळा भर होता. हे बरोबरच आहे. पण संशोधक म्हणून एवढ्यावर समाधान मानू नका. यूके ई-युनिव्हर्सिटीला स्वतः पदवी देता येत नव्हती. पदवी त्या-त्या विद्यापीठाची, विक्री आणि मंच कंपनीचा. म्हणजे जाहिरात ज्या नावाने व्हायची, ते नाव प्रमाणपत्रावर नसायचं. मलेशियातल्या किंवा चीनमधल्या कुणी तरी स्वतःचे पैसे घालून प्रवेश घ्यायचा तर तो विद्यापीठाच्या नावावर घेणार, मधल्या कंपनीच्या नाही. आणि विद्यापीठाचं नावच पुरेसं असेल तर मधली कंपनी कशाला? ‘बाजारपेठेचा अभ्यास नव्हता’ या वाक्याखाली हा रचनेतला प्रश्न दडपला जातो असं मला वाटतं.

दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, फारसा गाजावाजा नसलेलं : ग्रेट प्लेन्स आयडिया. कान्सास, नेब्रास्का, आयोवा अशा शेतीप्रधान भागांतली सरकारी विद्यापीठं यात आहेत. तिथली अडचण आपल्या ओळखीची आहे. वृद्धांच्या प्रश्नांचा अभ्यास किंवा कौटुंबिक अर्थनियोजन असे विषय घ्या. एका विद्यापीठात त्यातले तज्ज्ञ दोन, विद्यार्थी थोडे. पूर्ण एमएस चालवणं एकट्याला परवडत नाही. मग प्रत्येकाने दोन-तीन कोर्स शिकवायचे, सगळ्यांचे मिळून पूर्ण पदवी होते. विद्यार्थी एकाच विद्यापीठात प्रवेश घेतो. ते त्याचं घरचं विद्यापीठ. मार्गदर्शक तिथला, पदवी तिथली, गुणपत्रकही तिथलंच, शिकवणारे मात्र चार ठिकाणचे. आणि क्रेडिटमागे फी सगळ्यांची सारखी ठरवलेली, शिकवणारं विद्यापीठ कोणतंही असो.

ही फी सारखी असणं वाटतं तेवढं किरकोळ नाही. प्रत्येक विद्यापीठाची फी वेगळी असती तर विद्यार्थ्याने स्वस्त कोर्स निवडले असते आणि महाग विद्यापीठाचा वर्ग ओस पडला असता. फी एक केल्यावर निवड विषयावर होते. पैशाची वाटणी, गुण कळवायच्या तारखा, प्रवेशाचं वेळापत्रक, ही सगळी रुक्ष कामं त्यांनी आधी बसून ठरवली. ‘घर’ कुठलं हे पहिल्या दिवशी नक्की झालं.

पण हे आदर्श म्हणून थेट उचलून आणू नका. सिनॉप्सिसमध्ये ‘पाश्चात्त्य प्रारूप आणि भारतीय संदर्भ’ असं लिहिणं सोपं असतं. तिथला विद्यार्थी बहुतेकदा नोकरी करणारा, पदवी आधीच झालेला, स्वतःच्या पैशाने शिकणारा. आपल्याकडचा एफवायबीएचा विद्यार्थी अठरा वर्षांचा, घरात एक फोन, कदाचित कॉलेजात येणारा घरातला पहिलाच. मायकेल मूर यांनी विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातलं अंतर मोजायला संवाद, रचना आणि विद्यार्थ्याची स्वायत्तता असे तीन घटक सांगितले आहेत. अंतर जितकं जास्त, तितका विद्यार्थी स्वतःच्या पायावर उभा असावा लागतो. एमएसच्या विद्यार्थ्याकडून ती अपेक्षा धरता येते. एफवायच्या मुलाकडून पहिल्याच सत्रात ती धरायची म्हणजे त्याला पोहायला शिकवायच्या आधी विहिरीत सोडण्यासारखं आहे.

आता आपले विनियम वाचू

स्वयम राष्ट्रपतींच्या हस्ते ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालं, पण त्याच्या क्रेडिटचे विनियम यूजीसीने २०१६ मध्येच काढले होते. त्यानुसार एका सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत कोर्स विद्यार्थी स्वयमवरून करू शकत होता. २०२१ च्या विनियमात ही मर्यादा ४० टक्के झाली. त्याच वर्षी जुलैमध्ये अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आले : पदवी देणाऱ्या संस्थेतून किमान ५० टक्के क्रेडिट मिळवायचे, उरलेले दुसरीकडून आणता येतील. हे तिन्ही विनियम काढा, प्रिंट घ्या, हातात पेन्सिल घेऊन वाचा. पोर्टलविषयीचे दहा पेपर वाचण्यापेक्षा यातून जास्त शिकाल.

विनियमात दोन संस्था आहेत. ज्या संस्थेचे प्राध्यापक कोर्स बनवतात ती यजमान संस्था, आणि विद्यार्थ्याने जिथे प्रवेश घेतलाय ती मूळ संस्था. (मराठीत यजमान पाहुण्याला जेवायला वाढतो. इथला यजमान पाहुण्याला व्हिडिओत भेटतो.) क्रेडिट यजमानाकडून मूळ संस्थेकडे कसे यायचे हे व्यवस्थित लिहिलेलं आहे. विद्यापीठाने ते नाकारायचे नाहीत हेही आहे. मूळ संस्थेने विद्यार्थ्याला मार्गदर्शन करायला एक समन्वयक नेमावा, असंही आहे. म्हणजे कागदावर ‘घर’ आहे. फक्त त्या घरात रोज कोण असतं हे कागद सांगत नाही. तो समन्वयक त्या विषयाचा असायला हवा का? की ज्याच्याकडे आधीच एनएसएस, परीक्षा आणि नॅकची फाइल आहे, त्याच्याच गळ्यात हीसुद्धा माळ?

२०१६ च्या विनियमातलं एक कलम तर चार वेळा वाचावं असं आहे. स्वयमचे कोर्स मान्य करताना विद्यापीठाने कोणत्या परिस्थितीचा विचार करावा हे त्यात सांगितलंय. त्यातलं एक कारण असं की, विभागात तो विषय शिकवायला योग्य शिक्षक उपलब्ध नाहीत. दुसरं, विद्यार्थ्यांना हवा असलेला वैकल्पिक विषय संस्थेत नाही पण स्वयमवर आहे. तिसरं, कोर्समुळे शिकवण्याला पूरक मदत होईल. दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पहिल्यापाशी मात्र अडायला होतं. शिक्षक उपलब्ध नाही याचे दोन अर्थ होतात. त्या विषयाचा पात्र माणूस आसपास कुठे नाही, हा एक. आणि पात्र माणूस नेट-सेट घेऊन तासिका तत्त्वावर दोन कॉलेजं सायकलच्या फेरीसारखी फिरतोय, पण पद भरलेलं नाही, हा दुसरा. विनियम या दोन्हींत फरक करत नाही. महाराष्ट्रात कोणता अर्थ जास्त लागू पडतो ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

थोडा हिशोब करू, ढोबळच. तासिकेच्या विषयात एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास. चार क्रेडिटचा पेपर म्हणजे ६० तास, पंधरा आठवड्यांत आठवड्याला चार. नव्या रचनेत सत्राला २० ते २२ क्रेडिट असतात. त्याचे ४० टक्के म्हणजे आठच्या वर, म्हणजे चार क्रेडिटचे दोन पेपर. आठवड्याचे आठ तास. यूजीसीच्या २०१८ च्या विनियमानुसार सहायक प्राध्यापकाचा प्रत्यक्ष शिकवण्याचा कार्यभार आठवड्याला १६ तास. याचा अर्थ असा की एका तुकडीने ही सवलत पूर्ण वापरली तर जवळपास अर्ध्या पदाचा कार्यभार टाइमटेबलवरून उतरू शकतो. प्रत्यक्षात असं किती ठिकाणी होतंय? अनेक ठिकाणी स्वयमचा कोर्स जादाचा म्हणून होतो आणि कार्यभाराला धक्का लागत नाही. पण पद मंजूर होतं ते कार्यभारावर, हे लक्षात ठेवा. मर्यादा २० वरून ४० झाली हा आकडा विद्यार्थ्याच्या बाजूने वाचला तर निवडीचं स्वातंत्र्य दुप्पट. तोच स्टाफरूममधून वाचा, वेगळा दिसतो. चिकित्सक अभ्यास म्हणतात तो इथून सुरू होतो.

भाषेचाही मुद्दा आहे, थोडक्यात सांगतो. स्वयमवरचे बहुतेक कोर्स इंग्रजीत आहेत. ज्या कॉलेजात शिक्षक नाही ते बहुधा तालुक्याच्या गावी, आणि तिथला बीएचा वर्ग मराठीत चालतो. ज्यांच्यासाठी सोय केली असं म्हणायचं, त्यांनाच ती सर्वांत परकी.

या सगळ्यावरून मी सहकार्याच्या विरोधात आहे असा अर्थ काढू नका. तत्त्वज्ञान, संस्कृत, पाली, उर्दू, भूगोलातले काही विशेष पेपर, हे विषय विद्यार्थीसंख्येअभावी एकामागून एक बंद पडताना आपण बघतोय. समजा पंचवीस किलोमीटरवरच्या दोन कॉलेजांत तत्त्वज्ञान स्पेशल घेणारे सहा-सहा जण आहेत. वेगवेगळे राहिले तर दोन्हीकडे विषय जाणार. एकत्र केले तर बाराचा वर्ग होतो, एक पूर्णवेळ शिक्षक आठवड्यातून दोन दिवस ऑनलाइन आणि महिन्यातून दोनदा प्रत्यक्ष जाऊन तो चालवू शकतो. यात विद्यार्थ्याला शिक्षकाचं नाव माहीत असतं, शिक्षकाला विद्यार्थ्याचं गाव. मूरच्या भाषेत संवाद आहे. ग्रेट प्लेन्सची मूळ कल्पना तरी याहून वेगळी काय आहे? पण अशी जोडी जमवायला निघालात की पहिल्याच बैठकीत अडतं. त्या शिक्षकाचे तास कोणत्या कॉलेजच्या कार्यभारात? बारा जण कोणाच्या पटावर? संस्थाचालक दोन, कदाचित विद्यापीठंही दोन, आणि एकाचं सत्र दुसऱ्यापेक्षा महिनाभर मागे. केंद्रीय पोर्टलवरून क्रेडिट आणायला सविस्तर विनियम आहेत. शेजारच्या कॉलेजातून शिक्षक वाटून घ्यायचा तर त्याचे पैसे आणि तास कसे धरायचे, हे प्रत्येक जोडीला पहिल्यापासून भांडून ठरवावं लागतं. नव्या शैक्षणिक धोरणानंतर यूजीसीने कॉलेजांच्या क्लस्टरबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, त्याही वाचा. वाचताना पैसा आणि कार्यभार हे दोन शब्द कुठे-कुठे येतात तेवढं पेन्सिलीने खुणा करत जा.

मग अभ्यास करायचा कसा

जाणीव सोडा, प्रवास पकडा. एक कॉलेज, एक सत्र, एक कोर्स, तीस विद्यार्थी. नोंदणी किती जणांनी केली, पहिली असाइनमेंट किती जणांनी दिली, परीक्षेसाठी वेगळी नोंदणी आणि वेगळी फी असते ती किती जणांनी भरली, बसले किती, आणि क्रेडिट खरोखर मार्कशीटवर किती जणांच्या उतरले. प्रत्येक पायरीवर जे गळाले त्यांना भेटा. प्रश्नावल्या सहसा टिकलेल्यांनाच गाठतात, गळालेला मुलगा त्या दिवशी वर्गात नसतोच. मग निष्कर्ष येतो की विद्यार्थी समाधानी आहेत!

दुसरं, शंकेचा प्रवास पकडा. विद्यार्थ्याला व्हिडिओतलं काही कळलं नाही, तर तो कोणाला विचारतो? चर्चामंचावर टाकतो, स्थानिक समन्वयकाला विचारतो, मित्राला, की यूट्यूबवर दुसराच व्हिडिओ शोधतो? उत्तर किती दिवसांनी आलं? मूर यांची संकल्पना मोजायची म्हणून चाळीस विधानांची श्रेणी बनवण्यापेक्षा अशा वीस शंकांची डायरी जास्त सांगून जाईल. नमुना लहान आहे म्हणून समितीत कोणी तरी हरकत घेईल. तेव्हा हा व्यक्ती-अभ्यास आहे, इथे सामान्यीकरण आकड्यांवर नाही तर रचनेवर करायचंय, असं शांतपणे सांगा. ‘हा विषय शिक्षणशास्त्राचा की प्रशासनाचा?’ असंही विचारतील. शिकवणं चार संस्थांत वाटलं गेलं की प्रशासन हाच अध्यापनपद्धतीचा भाग होतो, आणि पीटर्स तुमच्या बाजूने उभे आहेत.

तिसरं काम सर्वांत रुक्ष आणि माझ्या मते सर्वांत फलदायी. सामंजस्य करार गोळा करा. नॅकच्या तिसऱ्या निकषात सहकार्याला गुण आहेत आणि त्यासाठी चालू करारांची संख्या मोजली जाते. त्यामुळे करार भरपूर झालेत. सही, शाल, श्रीफळ, ग्रुपवर फोटो. बहुतेक कॉलेजांच्या संकेतस्थळावर नॅकसाठी चढवलेल्या कागदांत त्यांची यादी, कधी-कधी पूर्ण प्रतही मिळते. अनुदानित कॉलेजात नाही मिळाली तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज आहेच, पण आधी प्राचार्यांना नीट भेटा, संशोधनासाठी हवंय म्हटल्यावर देतात. प्रत हातात आली की प्रस्तावना सोडून द्या, तिथे ‘ज्ञानाची देवाणघेवाण’ असणार. सरळ फी, गुण, तक्रार आणि मुदत या चार शब्दांसाठी मजकूर चाळा. ज्या करारात यातला एकही शब्द नाही, त्याची वेगळी चळत करा. मग त्याच कॉलेजचं त्या वर्षीचं टाइमटेबल मागा, आणि करारातला कोर्स त्यात कोणत्या वारी, कोणाच्या नावापुढे आहे ते शोधा.